अक्कांनी अंदाज सोडला

आमच्या प्रसूती विभागात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कळायच्या. एक, औषधांच्या कपाटाची किल्ली उलटी फिरवावी लागते. आणि दुसरी, अक्का म्हणतील ती पूर्व दिशा.

अक्का म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण कॉरिडॉरच्या त्या टोकाला त्यांच्या बुटांचा आवाज आला की या टोकाला गप्पा मारत उभ्या असलेल्या सगळ्या जणींना एकदम काम सुचायचं. आठ हजारांवर बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. मला त्यांनी पहिल्याच दिवशी ‘चष्मिश’ करून टाकलं आणि मग डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत कुणीच मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्यांची आत्या सुईण होती. तिच्या मागे मागे फिरत अक्का पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगायला शिकल्या, तेव्हा त्या शाळेतही नीट रुळल्या नव्हत्या म्हणे. पुढे रीतसर शिक्षण घेतलं, पण हात आत्याचा. त्या हातावर आणि त्या नजरेवर आमचा सगळ्यांचा विश्वास होता. त्यांचा स्वतःचा तर होताच होता.

मी रुजू होऊन वर्ष झालं असेल. एका दुपारी एका बस कंडक्टर बाईंचं बाळंतपण झालं. दुसरी खेप, सगळं सुरळीत. मुलगी झाली, वार पडली, अक्कांनी खालच्या चादरीवर नजर टाकली आणि मला म्हणाल्या, “लिही, रक्तस्राव दोनशे.” मी केसपेपरवर दोनशे मिली लिहिलं. त्या काळी सगळीकडे असंच चालायचं. चादरीकडे बघायचं आणि आकडा सांगायचा.

दोन तासांनी मी बी.पी. बघायला गेले तर बाई पांढऱ्याफटक पडलेल्या. नाडी धावत होती. “जरा गरगरतंय हो,” एवढंच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे फिरले. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, दोन्ही हातांना सलाईन लागलं, गर्भाची पिशवी आवळून रक्त थांबावं म्हणून अक्का एका हाताने पोटावरून ती चोळत होत्या आणि दुसऱ्या हाताने इंजेक्शन मागत होत्या. शेवटी ॲम्ब्युलन्समधून बाईंना मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिथे चार बाटल्या रक्त चढलं. वाचल्या.

गोष्ट तिथेच संपायची. कुणी कुणाला दोष दिला नाही. पुढच्या बाळंतपणात आम्ही गुंतलो. पण सहा आठवड्यांनी त्या कंडक्टर बाई मुलीला लस द्यायला आल्या आणि लस झाल्यावर वाट वाकडी करून अक्कांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सिस्टर, एक विचारू? त्या दिवशी माझं नक्की किती रक्त गेलं?”

“बरंच गेलं,” अक्का म्हणाल्या. “पण आता काळजीचं काही नाही हं.”

“काळजी नाही करत मी. आकडा विचारतेय. केसपेपरवर दोनशे लिहिलंय. तिकडचे डॉक्टर म्हणाले, दोनशेत कुणी असं कोसळत नाही.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त अवघड होतं. “माझ्या गाडीत किती माणसं चढली असं मला कुणी विचारलं, तर मी ‘बरीच’ म्हणत नाही.”

अक्कांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, “मला माहीत नाही. मी मोजलं नव्हतं.”

बाईंनी मान हलवली, मुलीचं टोपडं सारखं केलं आणि गेल्या.

पुढचं मला अक्कांच्या यजमानांनी सांगितलं. ते बेकरीत कारागीर. त्या दिवशी सुटी होती म्हणून घरी पाव करत होते. कणकेचे गोळे तोडायचे, काट्यावर ठेवायचे, चिमूटभर काढायचे किंवा लावायचे. अक्का दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

“अहो, तीस वर्षं झाली तुम्हाला या कामात. अजून काटा लागतो?”

“तीस वर्षं झाली म्हणूनच लागतो,” ते म्हणाले. “नवा होतो तेव्हा मला वाटायचं, हाताला कळतं. हे बघ, हा गोळा किती असेल सांग.”

“दोनशे.”

त्यांनी गोळा काट्यावर टाकला. दोनशे साठ.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातला काटा गायब होता आणि आमच्या ड्युटी रूमच्या टेबलावर होता.

अक्कांचा स्वभाव असा की डोक्यात काही आलं की थेट हुकूम सोडायच्या. या वेळी मात्र त्यांनी तसं केलं नाही. “आधी बघू,” म्हणाल्या, “चुकतोय की नाही. आणि चुकतोय तर किती.” मला हाताशी घेऊन त्यांनी रिकाम्या खोलीत पाच खाटा लावल्या. पाण्यात लाल रंग कालवला, थोडी पेज घालून दाट केलं आणि प्रत्येक खाटेच्या चादरीवर, पॅडवर, गॉजवर मोजून ओतलं. एकीवर शंभर मिली, एकीवर तीनशे, मग पाचशे, सातशे आणि पाचवीवर पुरतं एक लिटर. खोली अशी दिसत होती की झाडू मारायला आलेली बाई दारातूनच परत गेली.

मग दिवसभर एकेकाला बोलावलं. सिस्टर, डॉक्टर, शिकाऊ मुली, सगळ्यांना. प्रत्येकाने चिठ्ठीवर पाच आकडे लिहायचे, नाव लिहायचं नाही, फक्त हुद्दा लिहायचा. विभागात चादरी धुणाऱ्या मावशी होत्या, त्याही उत्सुकतेने डोकावल्या. अक्का म्हणाल्या, “या, तुम्हीही लिहा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“आम्हाला तरी कुठे कळतंय? तेच तर बघतोय.”

संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या. शंभराला बहुतेकांनी दीडशे-दोनशे लिहिलं होतं. तीनशेला जवळपास बरोबर. पण रक्त जसं वाढत गेलं तसा अंदाज मागे पडत गेला. एक लिटरच्या खाटेला निम्म्याहून जास्त जणांनी पाचशेच्या आसपास लिहिलं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी हुद्द्यावरून लगेच ओळखू आली: सहाशे. अक्कांची स्वतःची: साडेपाचशे. खुद्द ओतणारीने! “आकडा माहीत असून मुद्दाम डोळ्यांना दिसला तोच लिहिला,” त्या म्हणाल्या, “चादरीवर पडल्यावर मलाच पटेना की हे तेवढं आहे.”

सगळ्यांत जवळची चिठ्ठी मावशींची निघाली. नऊशे.

“अहो मावशी, तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“तुम्ही नुसत्या बघता,” मावशी म्हणाल्या. “मी पिळते.”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. आपली चिठ्ठी त्यांनी स्वतः फळ्यावर लावली आणि म्हणाल्या, “अक्का, काय करायचं ते ठरवा. मी पाठीशी आहे.”

ठरवलं ते साधं होतं. कोऱ्या चादरीचं, पॅडचं, गॉजचं वजन आधी करून ते भिंतीवर लिहून ठेवायचं. बाळंतपणानंतर भिजलेलं सगळं काट्यावर ठेवायचं आणि कोरं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे ढोबळ मानाने एक मिली रक्त. तीनशेला पोचलं की दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची. पाचशेला डॉक्टर आलेच पाहिजेत, बाई कितीही हसत-बोलत असली तरी. डॉक्टरीणबाईंनी एक शंका काढली: गर्भजल त्यातच मिसळेल, मग रक्त किती आणि पाणी किती? मी म्हटलं, बाळ बाहेर आलं की खालची चादर तेवढ्यात बदलायची, पहिली मोजायचीच नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. “चष्म्यातून दिसतं म्हणजे,” एवढंच म्हणाल्या. त्यावर मी आठवडाभर हवेत होते.

पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. दिवसाला चार-पाच बाळंतपणं, त्यात ही वजाबाकी. एक सिस्टर म्हणाली, “आता भाजीवाल्यासारखं तोलत बसायचं का?” अक्का म्हणाल्या, “भाजीवाला अंदाजाने देत असता तर तू घेतली असतीस का?” हळूहळू हात बसला. मावशी तर अशा तरबेज झाल्या की काटा शून्यावर आणल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

तीन महिने झाले. सगळे कागद एकत्र करून आकडे काढायचं काम अक्कांनी माझ्यावर सोपवलं. “कुठे काय राहतंय ते शोध. माझ्याकडे बघून सोडून देऊ नकोस काही.”

हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मी कागद पसरून बसले आणि दुसऱ्याच दिवशी अडले. बाकी सगळ्यांच्या ड्युटीतले आकडे असे होते: एकशे सत्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस, तीनशे बारा. काट्यावर येतात तसे, वेडेवाकडे. आणि एका ड्युटीतले असे: दोनशे, अडीचशे, दोनशे, तीनशे, दोनशे. चाळीस कागदांपैकी तेहतीसवर गोल आकडे. खाली सही अक्कांची.

काटा गोल आकडे एवढे दाखवत नाही. अक्का मोजत नव्हत्या.

दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला चहाच्या वेळी गाठलं. “काय गं, तोंड का लपवतेस? आकडे झाले?”

“झाले.”

“मग?”

मी तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. “अक्का, तुमचेच बघा,” एवढंच कसंबसं म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. दहाव्या कागदाला त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता माझी बदली बालरोग विभागात. त्या पुढचे कागद एकेक उलटत राहिल्या. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“मला वाटायचं,” शेवटी त्या म्हणाल्या, “हे बाकीच्यांसाठी आहे. मला दिसतंच आहे की बाई बरी आहे, मग कशाला मोजा. गर्दीच्या वेळी एकदा सोडलं, मग दुसऱ्यांदा. आणि रकाना मोकळा दिसायला नको म्हणून...” त्या थांबल्या. “मी खोटं लिहिलं, चष्मिश.”

“तसं नाही अक्का...”

“तसंच आहे. गोड बोलू नकोस.” त्यांनी चष्मा काढला. “दोन दिवस का घेतलेस सांगायला?”

“भीती वाटली.”

“माझी?”

मी मान हलवली. त्यांना हे आकड्यांपेक्षा जास्त लागलं असावं. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पुढच्या वेळी दोन तास घे. दोन दिवस नको.”

पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या व्यवस्थापक साहेबांनी बैठक बोलावली. साहेब माणूस सरळ, पण तक्त्याची वरची ओळ वाचून पान उलटणारे. लांब टेबल, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, मेट्रन, अक्का आणि कोपऱ्यात कागद सांभाळत मी.

“हे काय चाललंय?” साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. “आधीच्या तीन महिन्यांत जास्त रक्तस्राव झालेल्या बायका चौदा. तुमचा काटा आल्यापासून एकेचाळीस. तिप्पट! बाहेर कळलं तर इथे कुणी पाऊल ठेवेल का? बंद करा हे.”

मेट्रनबाईंनी खाली मान घातली. अक्का मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“साहेब, बायका तेवढ्याच येतात, रक्तही तेवढंच जातं. आधी सत्तावीस जणींचं आम्हाला दिसत नव्हतं, आता दिसतं.”

“याला पुरावा?”

“आहे आणि नाही. ॲम्ब्युलन्सने हलवाव्या लागलेल्या बायका आधीच्या तीन महिन्यांत सहा, या तीन महिन्यांत पाच. म्हणजे फरक पडलाय असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अजून वेळ हवा.” मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी तो वेगळा कागद दिला. मला वाटलं होतं, हा कागद त्या मागणारच नाहीत. “आणि आणखी एक. प्रत्येकीच्या ड्युटीत किती वेळा खरंच मोजलं गेलं, तेही आम्ही तपासलं. बाकीच्यांनी शंभरातल्या नव्वद वेळा मोजलं. सगळ्यांत वाईट एकीचं आहे. चाळीसपैकी तेहतीस वेळा तिने अंदाजाने आकडा ठोकला. ती मी.”

डॉक्टरीणबाईंनी झटकन अक्कांकडे वळून पाहिलं.

“मग शिक्षा काय करायची तुम्हाला?” साहेब अर्धवट चेष्टेत म्हणाले.

“जी करायची ती करा, लेखी करा. पण मोजणं बंद करू नका. आठ हजार बाळंतपणं केलेली बाई जर न मोजता निघून जात असेल, तर उद्याची कुणीही जाईल. म्हणून तर तपासणी पाहिजे. आणि ती माझ्यापासून सुरू झाली हे बरंच झालं, बाकीच्यांना तोंड राहिलं नाही.”

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, “साहेब, सहा महिने द्या. जबाबदारी माझी.”

साहेबांनी सहा महिने दिले. अक्कांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी घेतली, वाचली, सही केली आणि फाइलला लावायला स्वतःच माझ्या हातात दिली.

नंतरचे बदल लहान लहान होते. अक्कांनी स्वतःच्या प्रत्येक कागदावर मावशींना साक्षीला घ्यायला सुरुवात केली. काट्यावरचा आकडा मावशी मोठ्याने वाचायच्या, मगच अक्का लिहायच्या. ते बघून सगळ्यांनीच तसं करायला घेतलं. आकडा मोठ्याने वाचला की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जायचा, हा त्यातला खरा फायदा. तीनशे म्हटलं की दुसरी सिस्टर न बोलावता वळायची. पाचशे म्हटलं की फोन उचलला जायचा. आधी आम्ही बाई पांढरी पडायची वाट बघत होतो. आता ती लालबुंद, बडबडत असतानाच इंजेक्शन तयार असायचं.

एकदा एक बाई खरोखरच गप्पा मारत होती, बाळाच्या नाकावरून नवऱ्याला चिडवत होती, आणि मावशींनी वाचलं: “सहाशे दहा.” नवरा म्हणाला, “पण ती तर ठणठणीत आहे!” अक्का पिशवी चोळता चोळता म्हणाल्या, “ठणठणीत आहे तोवरच आम्हाला काम करू द्या.” अर्ध्या तासात रक्त थांबलं. बाईला कळलंही नाही की काही झालं होतं.

पुढच्या सहा महिन्यांत ॲम्ब्युलन्स तीनदा निघाली. आधी सहा महिन्यांत सरासरी बारा वेळा निघायची. रक्त चढवावं लागलेल्या बायका निम्म्याहून कमी झाल्या. साहेबांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पुढच्या बैठकीत तो स्वतःच सगळ्यांना समजावून सांगत होते, जणू काटा त्यांच्याच घरून आला होता. तोवर हॉस्पिटलने चांगले काटे घेतले होते आणि अक्कांच्या यजमानांना त्यांचा परत मिळाला होता. त्यांनी तो घेतला नाही. “त्यावर आता पाव नको,” म्हणाले. ते खरंही होतं.

मग आसपासची प्रसूतिगृहं विचारायला लागली. अक्का आठवड्यातून एक दिवस कुठे ना कुठे जायच्या, लाल पाण्याचे डबे घेऊन. मी सोबत असायचे. त्या कधीच काट्यापासून सुरुवात करायच्या नाहीत. आधी चिठ्ठ्या, मग स्वतःच्या तेहतीस कागदांची गोष्ट. ती त्या इतक्या मोकळेपणाने सांगायच्या की ऐकणाऱ्या इन्चार्ज बायका आधी अवघडायच्या आणि मग एकेक जण आपलं सांगायला लागायची.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना आम्ही एका छोट्या प्रसूतिगृहात गेलो. तीन खाटा, एक बेसिन, खिडकीत सुकत घातलेले रबरी हातमोजे. तिथली इन्चार्ज माझ्याच वयाची. वर्षापूर्वी आम्हीच तिला शिकवून गेलो होतो. तिने कागद पुढे ठेवले आणि अडखळत म्हणाली, “अक्का, तुमच्या तक्त्यातला एक रकाना आम्ही काढून टाकला. दर पंधरा मिनिटांनी पिशवी घट्ट आहे का ते लिहायचा, तो.”

अक्कांच्या भुवया वर गेल्या. तो रकाना त्यांचा लाडका. त्यासाठी त्या डॉक्टरीणबाईंशीही भांडल्या होत्या.

“का काढलास?”

“आम्ही दोघीच असतो. तो भरायच्या नादात वजन करायचं राहायचं, किंवा सगळं शेवटी एकदम भरलं जायचं. आता पिशवी हाताने बघतोच, पण लिहितो फक्त सैल लागली तर. काढल्यापासूनचे पाच महिने हे आहेत. त्याआधीचे हे.”

अक्का खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या. एकेक कागद त्यांनी प्रकाशाकडे धरून पाहिला, मला वाटतं, गोल आकडे शोधत होत्या. पाऊण तास लागला. ती इन्चार्ज उभी ती उभीच. मी तिला खुणेने बस म्हटलं, पण ती बसेना.

“आधी शंभरातल्या साठ वेळा मोजलंय,” अक्का म्हणाल्या, “आता ब्याण्णव वेळा. आणि बायकाही बऱ्या राहिल्यात.” त्यांनी कागद नीट गोळा करून तिच्या हातात दिले. “बरोबर केलंस. आधी कळवायचंस की गं मला.”

“तुम्हाला राग येईल वाटलं.”

“येणारच होता. मग आकडे बघितले असते.”

परतताना बसमध्ये त्यांनी पर्समधून पेन काढलं, आमच्याच तक्त्याची कोरी प्रत मांडीवर घेतली आणि त्या रकान्यावर उभी रेघ ओढली. मग ती प्रत माझ्याकडे दिली. “महिनाभर आपल्याकडेही असं करून बघू,” म्हणाल्या. “आपल्याकडे सिस्टर जास्त आहेत, कदाचित उलटं निघेल. निघालं तर परत घालू.”

उलटंच निघालं. लिहायचं नाही म्हटल्यावर आमच्याकडे पिशवी बघायचंच राहायला लागलं. आमच्याकडे तो रकाना परत आला, त्या छोट्या प्रसूतिगृहात नाही.